डावी घुंडी

१

आमच्या स्वयंपाकघरात फळीवर एक पेला पालथा असायचा आणि त्याच्यावर दुसरा उभा. वरचा जरा काठाकडं सरकवलेला. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. त्या दिवसांत आमच्या गल्लीत सगळेच अशी भांड्यावर भांडी रचून ठेवायचे. जमीन जराही हलली की भांडं पडणार, आणि भांडं पडलं की पळायचं. बाकीच्यांनी कधीच सोडून दिलं. माझं सुटलं नव्हतं. ओटा पुसून झाला की पेल्यावर पेला. आमचे हे, मल्लिनाथ, म्हणायचे, "पंचवीस वर्षं झाली शिवगंगा, आता तरी त्या पेल्यानं पाणी पी."

फळी आहे त्या भिंतीपलीकडं भाड्याची खोली आहे. मालक उदगीरला राहतात. भिंत एका विटेची, त्यामुळं पलीकडं कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते मला इकडं कळतं. खरं सांगायचं तर कळून घ्यायची मला हौसही आहे. लातुरात शिकवणीला येणाऱ्या पोरांमुळं ती खोली कधी रिकामी राहत नाही.

त्या जूनमध्ये नांदेडहून इंदूताई आल्या, मुलगी मालविकाला घेऊन. मुलगी डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करणार आणि आई दोन वर्षं इथं राहून तिला रांधून घालणार. अशा आठ-दहा आया आमच्या गल्लीत आहेत.

सकाळी दहाला मालविका क्लासला गेली की मी दोरीवर धुणं टाकते. तिथून त्यांची खिडकी दिसते. इंदूताई मांडी घालून बसलेल्या, दोन्ही हात छातीपाशी, ओंजळीत काहीतरी धरलेलं, नजर हलत नाही. डावा अंगठा तेवढा हळू हळू फिरत होता. रोज तेच. आम्ही लिंगायत, मी स्वतः डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसते. मला वाटलं, आडनावावरून वाटत नाही, पण बाई आमच्यातली दिसते. मी वाटीत विभूती घेऊन त्यांच्या दारात गेले.

"तुमची लिंगपूजा आटोपली की लावा," मी म्हणाले.

त्यांनी ओंजळ उघडून दाखवली. करड्या रंगाचा प्लास्टिकचा रिमोट, त्याला दोन घुंड्या. "अहो ताई, हा पोरांचा व्हिडिओ गेम आहे," म्हणाल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पुढं महिनाभर मालविका मला बघितलं की विचारायची, "काकू, आमच्या मातोश्रींची पूजा झाली का?"

विभूती मात्र इंदूताईंनी ठेवून घेतली.

२

मग दुपारी मी तिथंच जाऊन बसायला लागले. आमच्या भिंतीला लागून त्यांची कॉट होती, तिच्यावर. टेबलावर कॉम्प्युटर, त्याला दोन वायरी, दोन वायरींना दोन रिमोट. करडा इंदूताईंच्या हातात. त्याच्या दोन्ही घुंड्या खालच्या बाजूला, शेजारी शेजारी. दुसरा काळा. तो चौरंगावर पांढऱ्या रुमालावर ठेवलेला. त्याची उजवी घुंडी खाली होती आणि डावी वर.

"हे दोन्ही एका तऱ्हेचे का न्हाईत?" मी विचारलं.

"ज्याच्या त्याच्या हाताची गोष्ट आहे," इंदूताई म्हणाल्या. "मला दोन्ही खाली लागतात. पोळी लाटताना कसे दोन्ही हात सारखे चालतात, तसं. डावी वर असली की माझा अंगठा ठणकतो. पण त्याला वरच हवी. म्हणायचा, आई, रिमोट सहज हातात धरला की अंगठा जिथं टेकतो, तिथंच घुंडी पाहिजे. खाली असली तर अंगठा वाकवावा लागतो, तासाभरात मूठ आखडते. आणि घुंडीवरची रबरी टोपी फुगीर नको, खोलगट हवी. अंगठा त्यात बसतो म्हणायचा. घासून घासून आणखी खोल केली बघा."

मी वाकून बघितलं. टोपीत एक खळगा होता. अंगठ्याएवढाच.

"कोण तो?"

"मिहिर. माझा मोठा. याच खोलीत राहायचा की, दोन वर्षांपूर्वी. तुम्ही पाहिला असेल."

"हाव," मी म्हणाले. "पाहिलेलं हाय पोरगं."

नुसतं पाहिलेलं नव्हतं. त्याला ताप आला तेव्हा तीन दिवस मी त्याला पेज दिली होती, आणि असू दे म्हणून त्याच्या वडिलांचा नंबर लिहून घेतला होता. पुढं भिंतीतून आवाज यायला लागला. टक्. जरा थांबून परत टक्. तोही ऐन क्लासच्या वेळेला. मी दार वाजवून विचारलं. रिमोट त्यानं पाठीमागं लपवला, त्यामुळं मला तो कधी दिसला नाही. म्हणाला, "काकू, गेम खेळलो की डोकं शांत होतं. घरी सांगू नका. मला डॉक्टर नाही व्हायचं, ते मी स्वतःच सांगणार आहे. एक आठवडा द्या फक्त."

"न्हाई सांगत रे," मी म्हणाले. डोक्यावरून हातही फिरवला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला. त्याच्या भल्यासाठी, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, मला एक बातमी कळली होती आणि ती पोटात राहत नव्हती.

वडील, श्रीपादराव, त्याच दिवशी आले. पोराला घेऊन गेले. नांदेडच्या स्टँडवर उतरले, श्रीपादराव रिक्षा ठरवायला गेले, परत आले तर बॅग होती, मिहिर नव्हता. तो अजून सापडलेला नाही. हे सगळं मला आत्ता इंदूताईंकडून कळत होतं.

"ह्यांना कुणीतरी फोन केला होता," त्या म्हणाल्या. "कुणी बाई होती. ह्यांनी नावसुद्धा विचारलं नाही. मी ही खोली मुद्दाम मागून घेतली ताई. कुठंही असला तरी एकदा इथं येईल असं वाटतं."

मी चटणीची वाटी उचलली आणि घरी आले.

३

दुसऱ्या दिवशी सकाळीच परत गेले. न जाऊन कसं चालेल?

पडद्याचे दोन भाग होते, एकाखाली एक. खालच्या भागात लाल टोपीचा माणूस, तो इंदूताईंचा. वरच्या भागात निळ्या टोपीचा, तो मिहिरचा. दोघं एका माळावर उभे. काळा रिमोट चौरंगावर, त्याला कुणाचा हात नाही. तरी निळा माणूस चालायला लागला. सावकाश, डावीकडं.

"चालतोय," इंदूताई पुटपुटल्या आणि त्यांचा लाल माणूस त्याच्यामागं निघाला. "रोज चालतो ताई. मी ह्याच्यासाठीच बसते."

मालविका डबा भरत होती. "आई, ते ड्रिफ्ट आहे. काकू, तुम्ही तरी सांगा हिला. घुंडी झिजली की आपोआप एका बाजूला सरकते. दादा तिकडंच रेटायचा म्हणून तिकडंच झिजली."

"बरोबर बोलायलीय पोरगी," मी म्हणाले.

"मी कुठं नाही म्हणते?" इंदूताई नजर न हलवता म्हणाल्या. "झिजवली तर त्यानंच ना? मग तोच चालवतोय."

मालविकानं डब्याचं झाकण दाबलं आणि गेली. मी घुंडीकडं बघत बसले. ती कलली होती. अगदी थोडी, ज्वारीचं ताट वाऱ्यानं कलतं तशी. निळा माणूस डावीकडं चालत होता. इंदूताईंच्या डावीकडं कॉट होती, कॉटवर मी, माझ्यामागं आमची भिंत.

रात्री मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आपल्या ग्राइंडरचं भांडं पण एका बाजूनंच झिजलंय. ते कुणाच्या आठवणीनं फिरतं?"

मला हसू आलं. बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात मी भाचीच्या लग्नाला निलंग्याला गेले, दोन दिवस. रात्री परत आले. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर इंदूताई दारातच. चेहरा असा की जणू मुलाचं पत्र आलंय.

"ताई, तुम्ही नव्हता ना, ते दोन दिवस तो माझ्याकडं चालला. तोंड माझ्याकडं. सरळ पडद्यातून माझ्याकडं येत होता."

"आणि आता?"

"आज सकाळपासून परत डावीकडं."

४

दिवाळीनंतर एका रविवारी मालविकानं टेबल फिरवलं. डोळ्यांवर खिडकीचा उजेड येतो म्हणाली. पहिल्यांदा इंदूताई उत्तरेला तोंड करून बसायच्या, आता दक्षिणेला. कॉट होती तिथंच राहिली. म्हणजे मी आणि आमची भिंत आता त्यांच्या उजव्या हाताला आलो.

मी नेहमीसारखी बसले. खेळ सुरू झाला. निळा माणूस जरा वेळ उभा राहिला.

मग उजवीकडं चालायला लागला.

मी सातवी शिकलेली बाई आहे. पण एवढं मलाही कळतं. घुंडी डावीकडं झिजली असेल तर ती डावीकडंच जाणार, टेबल कुठंही फिरवा. चौरंग इंदूताईंच्या समोरच होता, रिमोटचं तोंड पडद्याकडंच होतं. बदललं काय होतं? फक्त भिंत दुसऱ्या हाताला आली होती.

"मालविकाऽ," मी हाक मारली, "हे आता इकडं का चाललंय?"

"काकू, माझी उद्या टेस्ट आहे," ती पुस्तकातूनच म्हणाली. "बिघडलेली वस्तू कशीपण चालते."

इंदूताईंना फरक पडला नाही. त्यांचा लाल माणूस निळ्याच्या मागं मागं जात राहिला.

मी घरी येऊन ओट्यापाशी उभी राहिले. पेला पेल्यावर तसाच होता. जमीन शांत. भिंतीतून आवाज आला. टक्. कुणीतरी जवळ येऊन घसा खाकरावा, तसा.

मिहिरला माहीत होतं. त्याच्या वडिलांना सांगायला भिंतीपलीकडं माझ्याशिवाय दुसरं होतं कोण? ह्यांनासुद्धा मी ते सांगितलेलं नव्हतं. फोन मी केला हे या जगात मला आणि त्यालाच ठाऊक होतं. आणि तो दिवसभर त्याच्या आईच्या देखत माझ्याकडं बोट दाखवत होता.

५

माघात नांदेडहून श्रीपादरावांचा फोन आला. कुठल्याशा आश्रमात एक मुलगा आहे, नाव सांगत नाही, बघून जा. इंदूताई नवं लुगडं नेसल्या. मिहिरचा एक शर्ट पिशवीत घेतला. "मालविका चारला येईल. तोवर खोलीकडं लक्ष ठेवा ताई," म्हणून किल्ली माझ्या हातात दिली आणि सकाळच्या गाडीनं गेल्या.

साडेदहाला मी कुलूप काढलं. काळा रिमोट रुमालासकट पिशवीत घातला. मनात म्हणत होते, बाई किती दिवस असं बसणार? दुरुस्त झालं की तिचं चित्त मोकळं होईल. रिक्षात बसेपर्यंत मी हेच म्हणत होते.

ज्ञानोबाचं दुरुस्तीचं दुकान गांधी चौकाच्या अलीकडं. टीव्हीचे रिमोट, पोरांचे खेळ, सगळं उघडतो. त्यानं वायर आपल्या लॅपटॉपला लावली. पडद्यावर एक गोल आला, गोलात ठिपका.

"ठिपका मधोमध राहिला तर घुंडी चांगली. सरकला तर झिजली." त्यानं बघितलं. "मावशी, हे झिजलेलं न्हाई. मधोमध हाय बघा."

मी पडद्यासमोरच्या बाकावर, रिमोटवर अगदी वाकून बसले होते. उठून काउंटरच्या डाव्या टोकाला गेले. ठिपका हलला. डावीकडं.

"ज्ञानोबा, हे बघा."

तो खाली वाकून डबे धुंडाळत होता. "टोपी मात्र गेलीय ह्याची. नवी कशी टाकू? फुगीर की खोलगट? फुगीरच्यावर बोट घसरतं म्हणतात, पण आजकाल तीच चालती."

मी हळू हळू उजव्या टोकाला आले. ठिपका माझ्याबरोबर आला. मला निलंगा आठवला. इंदूताई तेव्हा उत्तरेला तोंड करून बसायच्या. निलंगा त्यांच्या पाठीमागं. निळा माणूस पडद्यातून आईकडं येत नव्हता. आईच्या पलीकडं, लग्नाच्या मांडवात मी पुरणपोळी वाढत होते, तिकडं येत होता.

म्हणजे भिंत कधी नव्हतीच.

ज्ञानोबा वर उठला. तोवर मी परत रिमोटवर वाकून बसले होते आणि ठिपका मधोमध होता.

"मग काय करू? चांगल्याला कशाला हात लावायचा? तसंच नेता का?"

"न्हाई," मी म्हणाले. "बदला. अख्खी घुंडी बदला."

"टोपी?"

"कोणतीबी टाका."

त्यानं फुगीर टाकली. काढलेली जुनी घुंडी, खालच्या चौकोनी डबीसकट, कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातावर ठेवली. बाराच्या आत रिमोट रुमालावर होता, कुलूप लागलेलं होतं, आणि मी भात टाकला होता.

६

इंदूताई दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास आल्या. तो मुलगा मिहिर नव्हता. शर्ट पिशवीतच होता. हातपाय धुवून त्या सरळ टेबलापाशी बसल्या. मी चहा घेऊन गेले होते.

लाल माणूस उभा. निळा माणूस उभा.

"आज जरा उशीर करतोय," त्या म्हणाल्या.

चहावर साय आली. मालविकानं वहीतून मान वर केली, पडद्याकडं बघितलं आणि वही मिटली. इंदूताईंनी काळा रिमोट उचलला. त्यांचा अंगठा वर पोचला, घुंडीवर टेकला, आणि घसरला. परत टेकला. परत घसरला.

"ताई, मी नव्हते तेव्हा खोलीत कुणी आलं होतं का?"

"न्हाई तर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. लाल माणूस त्यांनी निळ्याच्या शेजारी आणून उभा केला आणि रिमोट खाली ठेवला. संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढायला गेले तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. ती दोन्ही माणसंही.

त्या दिवसापासून भिंतीतून आवाज आला नाही.

७

पुडी मी फळीवर पेल्यांच्या मागं ठेवली होती. टाकून देणार होते. कचऱ्याची गाडी रोज येते, रोज राहून जात होतं.

चौथ्या दिवशी ओटा पुसताना आवाज आला. टक्. माझ्या घरात.

पुडी उघडली. घुंडी कललेली होती, माझ्याकडं. मी ती सरळ केली. ज्ञानोबानं सांगितलं होतं, आत स्प्रिंग असते, सोडली की मधे येते. मी सोडली. ती मधे आली. मग सावकाश कलली. मी चुलीपाशी गेले, दारापाशी गेले, परत येऊन बघितलं. पेल्यावर पेला तसाच. जमीन हलत नव्हती. हे मला पेल्यावरून कळत होतं आणि तेच वाईट होतं.

टोपीच्या खळग्यात बोट घातलं. ओलसर होता. कुणी आत्ताच अंगठा उचलावा, तसा कोमट.

"काय बघायलीस?" हे मागं येऊन उभे राहिले.

"काही न्हाई. खोलीतल्या पोराचं काहीतरी राहिलंय."

"मग देऊन टाक की."

"देते," मी म्हणाले.

फक्त दारात जाऊन द्यायची होती. आणि एवढंच सांगायचं होतं की फोन मी केला होता. मी चार वेळा पुडी घेऊन गेले. चारही वेळा लोणचं, कढीपत्ता, काहीतरी दुसरंच देऊन आले.

८

मालविकाला नांदेडलाच कॉलेज मिळालं. पुढच्या वर्षी पावसाळ्यात सामानाचा टेम्पो दारात उभा राहिला. इंदूताई निरोप घ्यायला आमच्या स्वयंपाकघरातच आल्या. एवढ्या वाळल्या होत्या की आधी मला दुसरीच कुणी बाई वाटली.

"ताई, त्या दिवशी किल्ली तुमच्याकडं होती," त्या हळू म्हणाल्या. "तुम्ही काही केलं असेल तर चांगल्याच मनानं केलं असेल. मी रागावणार नाही. फक्त ती जुनी घुंडी असेल तर द्या. त्याचा अंगठा होता हो तिच्यावर."

फळी त्यांच्या खांद्यामागं, दोन हातांवर होती.

"न्हाई हो," मी म्हणाले. "मी कशाला हात लावू?"

वरचा पेला पडला. स्टीलचा पेला, फरशीवर. गोल गोल फिरत राहिला, थांबायचं नाव घेईना. इंदूताई दचकल्या.

"भूकंप?"

"हाव," मी म्हणाले. "हलली बघा जमीन जराशी. मला लगेच कळतं."

ओट्याखाली पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर होती. तिच्यातलं पाणी आरशासारखं. इंदूताईंनी त्या पाण्याकडं बघितलं. मग फळीकडं. मग माझ्याकडं. त्यांच्या नजरेत राग असता तर मी सगळं सांगून टाकलं असतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "जपा तुम्ही."

बाहेर टेम्पोत मालविका आईला हाका मारत होती. काळा रिमोट तिच्या मांडीवर होता, रुमालात बांधलेला.

टेम्पो गेल्यावर मी पुडी उघडली. मला वाटलं होतं, आई निघाली, आता तरी नांदेडच्या रस्त्याकडं कलेल. कलली नाही. माझ्याकडंच राहिली.

आता मी पेल्यावर पेला ठेवत नाही. हे म्हणतात, भूकंपाची भीती गेली बाईची. सकाळी आंघोळ करून पूजेला बसते, डाव्या तळहातावर लिंग घेते. अंगठा बाजूला मोकळा असतो. थोड्या वेळानं तो आपोआप आत वळतो, माझ्या छातीकडं, आणि तिकडंच रेटत राहतो.

लिंगपूजेत नजर लिंगावरून हलवायची नसते. मी डोळे मिटून घेते.